६६ ठोक्यांवर निघालेली घोडी : पांदण रस्त्यावरच्या एका लांब पल्ल्याचे प्रकरण

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, वर्धा आणि यवतमाळ जिल्ह्यांच्या सीमेवरचा कापूस-तुरीचा पट्टा. तीन घोडे, तीन स्वार. पांदण रस्त्यांवरून २० किलोमीटरच्या दोन फेऱ्या, मध्ये एका वावरातल्या विहिरीवर विसावा. ही स्पर्धा नव्हती, सराव होता, त्यामुळे जागेवर पशुवैद्य नव्हता. दोन स्वार लांब पल्ल्याला सरावलेले होते, तिसरा नवखा होता. त्याची घोडी २७व्या किलोमीटरला थांबली. कुशी छातीच्या ठोक्याबरोबर उडत होती. घोडी वाचली. मात्र ती त्या अवस्थेला कशी पोचली, हे टप्प्याटप्प्याने मांडण्याजोगे आहे, कारण या मार्गावर कुठेही अपघात म्हणावे असे काही घडले नव्हते. व्यक्ती, गाव आणि घोडी यांची ओळख येथे दिलेली नाही.

घोडी आणि स्वार

काठियावाडी घोडी, वय सुमारे ७ वर्षे. डिसेंबरमध्ये नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावच्या यात्रेत घेतलेली. आधीच्या मालकाने तिला रेवाल या जलद, मऊ चालीवर धरलेले होते. रेवालीची घोडी दोन-तीन किलोमीटर डोळे दिपतील अशी चालते आणि तिथेच नवखा फसतो. चाल तयार आहे म्हणजे घोडी तयार आहे असे त्याला वाटते. तीन किलोमीटरचा दम आणि ४० किलोमीटरचा दम ही दोन वेगळी तयारी आहे. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत सुधारू लागतात. कंडरा, सांधे आणि हाडे मात्र कित्येक महिने मागे राहतात. या घोडीला मिळाले होते दहा आठवडे, त्यातले पहिले तीन नव्या जागी रुळण्यात गेले. पुढे दिवसाआड ५ ते ८ किलोमीटर, आणि सर्वांत लांब पल्ला १८ किलोमीटर. तिथून एकदम ४०.

छातीचा घेर १६० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी १५२. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० हा हिशेब केला तर वजन अंदाजे ३२७ किलो येते. स्वार ७८ किलो, जुने जड खोगीर, लगाम आणि गाद्या मिळून १२, पाठीवरची पिशवी ४. एकूण ९४ किलो, म्हणजे घोडीच्या वजनाच्या जवळपास २९ टक्के. नवख्यासाठी २० टक्क्यांच्या आसपास राहावे हा ढोबळ नियम आहे. त्या हिशेबाने इथे ६५ किलो बसतात. आपले देशी घोडे याहून जास्त ओझे वाहतात आणि वरातीत रोज वाहतातही, पण वरातीत ते चालतात. तासनतास दुडकीत जास्तीचा प्रत्येक किलो उष्णता बनून अंगात साठतो. हा आकडा फितीने मोजायला पाच मिनिटे लागतात. इथे तो घटना घडून गेल्यावर मोजला गेला.

खुराक : सकाळ-संध्याकाळ भरडलेल्या हरभऱ्याची चंदी, कुटार, आणि आधीचे दोन आठवडे 'ताकद यावी म्हणून' भरपूर लसूणघास. मिठाचा खडा नाही, चंदीत मीठ नाही.

त्या दिवशीचा क्रम

ठरले होते सकाळी ६ला निघायचे. एका घोड्याचा नाल सैल निघाला, नालबंद यायला वेळ लागला, निघाले ८.१०ला. विदर्भात फेब्रुवारीच्या अखेरीस हे दोन तास फार महाग पडतात. सहाला निघालेला स्वार पहिली फेरी गारव्यात संपवतो. आठला निघालेल्याची दुसरी फेरी अकरानंतरच्या उन्हात येते, आणि काळ्या मातीचा तापलेला रस्ता खालून भाजतो ते वेगळे. सुरुवात लांबली तेव्हाच दुसरी फेरी रद्द करायला हवी होती. कुणी तसे सुचवले नाही.

पहिले आठ किलोमीटर पुढचे दोन घोडे ताशी १६-१७च्या वेगाने गेले. त्यांच्यासाठी तो वेग मध्यम होता. घोडी कळपाचे जनावर, ती लगाम ओढत मागे धावली, आणि नवख्याला वाटले घोडी मजेत आहे. ठरलेला वेग ताशी १० होता. मोबाइलवर वेग दिसत होता, पण मागचा माणूस पुढच्यांना 'थांबा' म्हणत नाही. नवखा तर नाहीच म्हणत.

बाराव्या किलोमीटरला रस्त्यापासून ५० मीटरवर नाल्यात पाणी होते. कुणी थांबले नाही.

विसावा ९.३५ला. २० किलोमीटर ८५ मिनिटांत, म्हणजे ताशी १४. इथून पुढची नाडी एका अनुभवी स्वाराने स्टेथोस्कोपने मोजून मोबाइलमध्ये लिहून ठेवली होती, म्हणूनच हे प्रकरण मांडता येते. पोचताच ८४. दहा मिनिटांनी ७६. वीस मिनिटांनी ७२. तीस मिनिटांनी ६६. बाकी दोन घोडे दहाव्या मिनिटालाच ५६ आणि ५२वर आले होते.

पाणी पाजायला विहिरीवरची बादली घेतली. घोडीने नाक लावले आणि मान फिरवली. बादली फवारणीची होती. आपल्याकडे कापसाच्या वावरातली जवळजवळ प्रत्येक बादली कधी ना कधी कीटकनाशक कालवायला वापरलेली असते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-मजूर दगावले, त्याच द्रव्यांचा वास त्या प्लास्टिकमध्ये मुरलेला असतो. घोडीने नाकारले ते बरेच झाले. दुसरे भांडे शोधेपर्यंत वावराच्या मालकाने काळजीने सांगितले, "भाऊ, घोडी तपेल हाय, आत्ताच पानी नोको पाजू." मग पाणी मागे पडले. त्याऐवजी एकाने १०० ग्रॅम मीठ आणि गुळाचा खडा लिटरभर पाण्यात विरघळवून बाटलीने घशात ओतले.

६६ हा आकडा पुन्हा निघण्याच्या ६४ या मर्यादेच्या जवळ आहे, उतरतोही आहे, असे म्हणून १०.१५ला दुसरी फेरी सुरू झाली. सात किलोमीटरला ४५ मिनिटे लागली. घोडी मागे पडू लागली, मान खाली, कान सैल, घाम कमी झालेला. अकरा वाजता तिने पाय रोवले.

कुशी का उडत होती

या अवस्थेला स्वार मंडळी 'थंप्स' म्हणतात. माणसाचा घाम रक्तापेक्षा फिका असतो, घोड्याचा तसा नसतो. एका लिटरमध्ये साधारण १० ग्रॅम क्षार जातात, त्यात सोडियम, पोटॅशियम आणि सर्वांत जास्त क्लोराइड. मोठ्या चणीचा घोडा उन्हात कष्ट करताना तासाला १० ते १५ लिटर घाम गाळू शकतो. या घोडीसाठी आकडा लहान धरला तरी विसाव्यापर्यंत दहाएक लिटर पाणी आणि शंभरेक ग्रॅम क्षार गेलेले असणार. क्लोराइड गेले की रक्त अल्कलीकडे झुकते, त्यामुळे रक्तातले मोकळे कॅल्शियम घटते आणि नसा चिडचिड्या होतात. श्वासपटलाकडे जाणारी नस हृदयावरून जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याची विद्युत लहर तिला चेतवते आणि श्वासपटल प्रत्येक ठोक्याला आचके देते. कुशीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने ठोके ऐकले की दोन्हींचा ताल एकच लागतो. ओळख इतकी सोपी आहे.

लसूणघासाचा संबंधही इथेच येतो. त्यात कॅल्शियम भरपूर असते. रोज आयते मिळाले की हाडांतून कॅल्शियम काढून रक्तात आणणारी यंत्रणा सुस्तावते, आणि ऐन गरजेला ती वेळेवर जागी होत नाही. लांब पल्ल्याआधीच्या दिवसांत लसूणघास कमी करून साधे गवत किंवा ज्वारीचा कडबा वाढवावा, असे अनुभवी स्वार सांगतात ते यासाठी.

थंप्स स्वतः जीव घेत नाही. आतले पाणी-क्षाराचे गणित कोसळल्याची ती खूण आहे. पाठोपाठ पोटशूळ, स्नायू जखडणे, खुरांचा दाह असे काहीही येऊ शकते.

आता १०० ग्रॅम मिठाचे. शरीराशी समतोल असणाऱ्या पाण्यात लिटरमागे ९ ग्रॅम मीठ असते. बाटलीत होते ते जवळपास ११ पट. असे दाट पाणी आतड्यात गेले की ते पातळ करायला शरीर रक्तातले पाणी आतड्याकडे खेचते. आधीच कोरड्या पडलेल्या घोडीचे रक्त आणखी आटले. क्षार द्यायचेच असतील तर घोडा पाणी पीत असताना, थोडे थोडे. न पिणाऱ्या घोड्याला दाट क्षार कधीच देऊ नयेत. बाटलीने घशात ओतण्याचा दुसरा धोका म्हणजे पाणी फुफ्फुसात जाणे.

आणि तापलेल्या घोड्याला पाणी न पाजण्याची समजूत. ती आपल्याकडे खोल रुजलेली आहे, सांगणारा माणूस चांगल्या मनाने सांगतो, म्हणून तिला तोडणे अवघड जाते. कष्ट करून आलेल्या घोड्याला लगेच पाणी पाजल्याने पोटशूळ होत नाही. उलट ती पहिली पाच-दहा मिनिटेच तो मनापासून पितो. घोड्याच्या घामात क्षारही बरोबरीने जात असल्याने रक्ताचा दाटपणा फारसा वाढत नाही आणि तहानेची कळ दाबली जात नाही. 'तहान लागली की पिईल' हे इथे लागू पडत नाही. तहान हरपलेला घोडा कोरडा पडत जातो आणि बादलीकडे बघतही नाही.

रस्त्यावर काय केले गेले

पहिली बरोबर गोष्ट नवख्याने स्वतः केली. तो उतरला, तंग सैल केला, आणि पुढच्यांनी "हळूहळू चालवत ने" असे फोनवर सांगितले तरी घोडी हलवली नाही. स्नायू जखडले असण्याची शक्यता असेपर्यंत चालवणे घातक असते. प्रत्येक पावलाला स्नायूंचे आणखी तंतू फाटतात आणि त्यांचा रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडात जातो. मागच्या मांड्या दगडासारख्या लागतात का, लघवी चहा-कॉफीच्या रंगाची आहे का, हे आधी बघायचे. इथे दोन्ही नव्हते.

खोगीर उतरवून घोडीला धुऱ्यावरच्या बाभळीखाली, वारा येईल अशा बाजूला उभे केले. जवळच्या बोअरवरून ड्रमने पाणी आणून मान, छाती, पोट, मांड्यांच्या आत सतत ओतले. गार पाण्याने स्नायू आखडतात ही आणखी एक भीती, तिलाही आधार नाही. सतत ओतायचे असेल तर मधे मधे निथळवत बसण्याचीही गरज नाही. चूक होते ती पाठीवर ओले पोते टाकून ठेवण्याची. पोते तापते आणि उष्णता आत कोंडते.

पिण्यासाठी दोन स्वच्छ बादल्या ठेवल्या. एकीत साधे पाणी, दुसरीत १० लिटरला ९० ग्रॅम मीठ. घोडीने पंधरा मिनिटांनी साध्या पाण्याचे चार घोट घेतले. हिरवे गवत ओले करून समोर ठेवले.

टाळलेल्या गोष्टीही महत्त्वाच्या. कुणीतरी खाण्याचा सोडा द्यायला सांगितले, कारण बैलांना पोटफुगीत देतात. थंप्समध्ये रक्त आधीच अल्कलीकडे झुकलेले असते, सोडा ते आणखी ढकलतो. दुसऱ्याने वेदनाशामक इंजेक्शन टोचायची तयारी दाखवली. कोरड्या पडलेल्या घोड्यात ही औषधे मूत्रपिंडाला इजा करतात, त्यामुळे आधी पाणी भरायचे आणि इंजेक्शनचा निर्णय डॉक्टरांवर सोडायचा.

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून डॉक्टर १२.३०ला आले. नाडी ६८, ताप ३९.६ अंश सेल्सिअस, हिरडी दाबून सोडल्यावर रंग परतायला ३ सेकंद, आतड्यांचा आवाज चारही बाजूंना मंद. दवाखान्यात सलाइन ५०० मिलिलिटरच्या बाटल्यांत असते, त्यामुळे १० लिटरला २० बाटल्या लागतात आणि एवढ्या बहुतेक ठिकाणी एका वेळी नसतात. इथे दुसऱ्या गावातून मागवाव्या लागल्या. कॅल्शियमची अडचण नव्हती, कारण व्यालेल्या गाईंना लागते म्हणून ते प्रत्येक डॉक्टरच्या पेटीत असते. ते पातळ करून, हृदयाचे ठोके ऐकत, अगदी सावकाश दिले गेले. घाईने दिलेले कॅल्शियम हृदय बंद पाडू शकते, तेव्हा हे काम स्वाराने किंवा गावातल्या 'इंजेक्शनवाल्या'ने करायचे नाही. सुमारे ४० मिनिटांत कुशीचे उडणे थांबले. साडेतीनला पिवळसर लघवी झाली. संध्याकाळी ऊन उतरल्यावर पिकअपमध्ये चढवून घरी नेले. दुपारीच न्यायची घाई होती, ती डॉक्टरांनी अडवली.

चूक कुणाची

सगळ्यांनी नवख्याकडे बोट दाखवले : तयारी नसताना आला, वजन जास्त, मीठ पाजले. यातले निम्मे खरे आहे. पण निर्णयाच्या तिन्ही जागा, म्हणजे उशिरा निघणे, सुरुवातीचा वेग, आणि ६६ ठोक्यांवर पुन्हा निघणे, अनुभवी स्वारांच्या हातात होत्या. नवख्याला सोबत नेणाऱ्याचे काम सल्ला देण्याने भागत नाही. वेग त्याच्याच घोड्यावरून ठरतो. अनुभवी स्वाराने मागे राहावे आणि नवख्याला पुढे ठेवावे. मग नवख्याची घोडी पुढच्याला गाठायच्या नादात तापत नाही, आणि मागून तिची पावले, घाम, शेपटीची ठेवण सगळे दिसते.

तिसऱ्या निर्णयावर थोडे थांबायला हवे, कारण तो सर्वांत फसवा आहे. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाच्या, म्हणजे एफईआयच्या नियमात मधल्या तपासणीला ठोके मिनिटाला ६४च्या आत आणि तेही १५ मिनिटांत यावे लागतात. लोकांच्या लक्षात ६४ राहतो, १५ विसरतात. या घोडीचे ठोके तिसाव्या मिनिटालाही ६६ होते. दोन ठोके जास्त ही किरकोळ बाब असेल, पण लागलेला वेळ मर्यादेच्या दुप्पट होता आणि घोडी तरीही तिथे पोचली नव्हती. विसाव्यात ठोके उतरणारच, उभा घोडा शांत होतोच. किती वेळात उतरले यावरून आतली अवस्था कळते.

शंका असेल तर आणखी एक तपासणी आहे, तिला दोन मिनिटे पुरतात. ठोके मोजा. लगेच घड्याळ लावून घोडा ४० मीटर दुडकीने नेऊन परत आणा. घड्याळ लावल्यापासून एक मिनिट झाले की पुन्हा मोजा. वाढ चारपर्यंत असेल तर ठीक. आठ किंवा त्याहून जास्त वाढ असेल तर घोडा थकलेला आहे, किंवा त्याला कुठेतरी दुखते आहे. त्याच दुडकीत लंगडणेही दिसते. तुरीच्या धसकटांवरून गेलेल्या घोड्याच्या तळव्याला टोच लागली असेल तर ती इथेच उघडी पडते.

नवख्याने ही मोजणी घरी शिकावी. डाव्या पुढच्या पायाच्या कोपरामागे स्टेथोस्कोप ठेवायचा. 'लब-डब' मिळून एक ठोका, हे आधी सांगावे लागते, नाहीतर पहिल्या दिवशी आकडा दुप्पट येतो. १५ सेकंद मोजून चारने गुणायचे. स्टेथोस्कोप नसेल तर जबड्याच्या खालच्या कडेवर धमनी बोटाला लागते. उभ्या घोड्याचे ठोके साधारण २८ ते ४४ असतात, पण आपल्या घोड्याचा आकडा आठवडाभर सकाळी उठल्या उठल्या मोजून भिंतीवर लिहून ठेवलेला असावा. या घोडीचा घरचा आकडा कुणालाच माहीत नव्हता.

निघण्यापूर्वी करायची कामे थोडी आहेत, आणि ती आदल्या दिवशीच होतात. तालुक्याच्या दवाखान्यात फोन करून डॉक्टर त्या दिवशी आहेत का, कॅल्शियम, मोठी सुई आणि किती सलाइन शिल्लक आहे हे विचारावे. फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा क्रमांक फोनमध्ये असावा. मोठ्या उपचारासाठी आपल्या भागात नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथपर्यंतचे वाहन आधीच बोलून ठेवावे. स्वतःच्या दोन बादल्या न्याव्यात. मार्गावरच्या वावरांना रानडुक्कर आणि रोह्यांसाठी तारा लावलेल्या असतात. त्यातली एखादी थेट विजेवर असू शकते, म्हणून अंधारात पांदण सोडून धुऱ्यावर घोडा घालू नये आणि मार्ग आदल्या दिवशी उजेडात पाहावा. निघायला किती उशीर झाला तर फेरी रद्द करायची, तेही त्याच वेळी ठरवावे. सकाळी सगळे खोगीर कसून उभे असताना हा निर्णय कुणी घेत नाही.

पुढचे आठवडे

घोडीला चार आठवडे स्वार दिला नाही. पहिल्या आठवड्यात फक्त हाताने चालवणे, कुटार कमी, भिजवलेला कोंडा आणि गवत जास्त. कोरडे कुटार आणि कमी पाणी हे आतड्यात चाऱ्याचा गोटा अडकून होणाऱ्या पोटशूळाचे नेहमीचे कारण आहे आणि नुकत्याच सुकलेल्या घोडीत तो धोका दुणावतो. चंदीत रोज २० ग्रॅम मीठ सुरू झाले. डॉक्टरांनी रक्त घेऊन सर्राही तपासला. गोमाश्यांमुळे पसरणारा हा रोग रक्त कमी करतो आणि यात्रेतून आणलेल्या जनावरात लपून असू शकतो. अहवाल स्वच्छ आला.

खोगीर बदलून पाच किलो उतरवले, पिशवी काढली. पाचव्या आठवड्यात सकाळी ६ला १० किलोमीटर, सुरुवातीचे दोन आणि शेवटचे दोन पायी, मधे ताशी ८-९च्या दुडकीने. पोचताच ६०, दहा मिनिटांनी ४८. तिथून पुढे दर आठवड्याला पल्ला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा नाही असे ठरले. एप्रिल-मेमध्ये लांब पल्ला नाही, फक्त पहाटेची चाल. पावसाळ्यात काळी माती पायाला धरते, कंडरा ओढली जाते, म्हणून तेव्हा मुरमाच्या रस्त्यावरच काम. ४० किलोमीटरचा विचार नोव्हेंबरनंतर, आणि तोही पहिल्या विसाव्याला ठोके १५ मिनिटांत ६०च्या खाली आले तरच दुसरी फेरी, या अटीवर.